तीन कोटेशनं आणि एक खुर्ची

अख्खा इजिप्त आम्हा दुम्यातकरांना चिकट म्हणतो. आमच्याकडे पाहुणा आला की आम्ही म्हणे विचारतो, "जेवून झोपताय, की पोट हलकं ठेवून झोपताय?" शुद्ध बदनामी आहे ही! असं कोणी विचारत नाही. पाहुण्यानं आपलं आपण ओळखावं, इतकीच आमची अपेक्षा असते.

तरी हाजी तोहामी म्हणजे आमच्यातलाही अर्क. सुतारांच्या बाजारात त्यांचं फर्निचरचं दुकान. सांगितलेल्या भावात त्यांनी आजवर काही विकलं नव्हतं, आणि सांगितलेल्या भावात काही घेतलंही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं फी सांगितली, तर तोंडात कापसाचा बोळा धरून तिथंच घासाघीस करत बसले होते. डॉक्टरनं कंटाळून निम्मे पैसे घेतले. बाहेर आल्यावर हाजी म्हणाले, "गाढवपणा झाला. दात काढायच्या आधी बोलायला हवं होतं, अजून कमी केले असते."

दुकान मात्र हल्ली बसलं होतं. सोनेरी मुलाम्याच्या, सिंहाच्या पायांच्या खुर्च्या ओळीनं उभ्या, आणि त्यांच्यावर बसायला फक्त धूळ. पूर्वी लग्नाचं सामान घ्यायला कैरोहून गाड्या भरून माणसं येत. आता नवरीची आई घरातल्या सोफ्यावर लोळत फोनवरच पलंग पसंत करते. हाजींची एकुलती एक मुलगी, राविया, फर्निचरचं डिझाइन शिकून आलेली. ती दोन वर्षं बापाच्या कानीकपाळी ओरडत होती, "बाबा, आपली वेबसाइट करू या."

"दुकानाला दार आहे की! चांगलं रुंद आहे."

"दारातून येतंय कोण?"

"तू येतेस. उस्ताद येतो."

उस्ताद मघावरी म्हणजे दुकानातला कोरीव कामाचा कारागीर. हाजींच्याच वयाचा. "मी चहाला येतो," तो म्हणायचा. "तोही हल्ली पातळ झालाय."

मग एके दिवशी राविया दुकानात आली ती वेगळाच चेहरा घेऊन. कैरोच्या एका मोठ्या शोरूमनं तिला नोकरी देऊ केली होती. "ईदनंतर बोलवतायत," ती म्हणाली. "बाबा, वेबसाइट झाली, माझं काम चार लोकांना दिसलं, तर मी इथंच राहीन. पण नुसतं बसून सिंहांच्या पायांवरची धूळ झटकायची असेल, तर मी जाते."

हाजींनी हातातला चहा खाली ठेवला. पोरगी गेली तर दुकान राहील, भिंती राहतील, पण उघडायचं कुणासाठी? "राहा गं बाई" एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी उगाच हिशेबाची वही पुढं ओढली. आमच्या बापांचं हे असंच. शेवटी खाकरून म्हणाले, "कोटेशनं मागव. तीन मागव. दोनच असली की दोघं संगनमत करतात."

पहिलं कोटेशन आलं कैरोच्या कंपनीचं. चकचकीत कागद, श्रीमंताच्या लग्नाच्या पत्रिकेसारखा जाड गठ्ठा. सोबत सुटातला एक तरुण, तो बोलताना सारखा हातांनी हवेत गोल काढत होता. किंमत एक लाख ऐंशी हजार पौंड. हाजींनी गठ्ठा हातावर तोलून बघितला.

"यातलं वेबसाइटचं पान कुठलं?"

"सगळीच, सर. सुरुवातीला आपली दृष्टी, मग आपलं ध्येय..."

"माझी दृष्टी मला ठाऊक आहे, मोतीबिंदू झालाय. ते ध्येयाचं पान काढून टाकलं तर किती कमी होतील?"

तरुणानं हवेतला गोल अर्ध्यावरच सोडला. तो गेल्यावर हाजींनी चष्मा लावून शेवटचं पान वाचलं, अगदी तळाची बारीक अक्षरंही. देखभाल दरवर्षी वेगळी. बदल सांगितला तर त्याचे पैसे वेगळे. हाजींचा चेहरा उजळला.

"राविया, इकडे ये! बघ, बघ! आपण पलंग विकतो आणि गादीखालच्या फळ्यांचे पैसे वेगळे लावतो ना, तसंच केलंय यांनी. अगदी तसंच!"

"म्हणजे लबाडी आहे."

"लबाडी कसली? धंदा आहे. पण माझ्याशी केला तर लबाडी."

दुसरं कोटेशन मन्सूरा शहरातल्या एका गड्याचं, शर्नूबी नावाच्या. त्यानं कागदच पाठवला नाही, फोनवर आवाजात निरोप पाठवला. मागं त्याची बायको भांडी आपटत होती. बारा हजार पौंड, आठवड्यात काम, आणि हाजी माझे वडीलच. बारा हजार ऐकून हाजी जागचे उठले. मग सावकाश बसले. इतक्या स्वस्तात कपाट कसं देता येतं, हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. त्यांनी रावियाकडून एक एक प्रश्न विचारून घेतला. वेबसाइटचा पत्ता कुणाच्या नावावर? शर्नूबीच्या. आत शिरायचा पासवर्ड कुणाकडं? शर्नूबीकडं. उद्या भांडण झालं तर? शर्नूबी म्हणाला, "अल्ला न करो, भांडण का होईल?"

"म्हणजे कपाट मला विकणार आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणार," हाजी म्हणाले. "हे मलासुद्धा कधी सुचलं नाही. पोरगा पुढं जाईल."

तिसरा मुहाब. बाप मूळचा दुम्यातचा, पण पोरगा जन्मला-वाढला जर्मनीत. मागच्या हिवाळ्यात इकडं येऊन त्यानं बाजारातल्या चीजवाल्याच्या वरच्या खोलीत कचेरी टाकली होती. आपली भाषा बोलायचा, पण पुस्तकातून उतरवून घेतल्यासारखी. त्याचं कोटेशन दोन साधी पानं. तो स्वतः ते घेऊन आला, तेव्हा राविया पॉलिशवाल्याकडं गेली होती. हाजींनी पानं वाचली. काय करणार, काय करणार नाही, दरवर्षी कशाला किती लागेल, सगळं सरळ लिहिलेलं. पत्ता दुकानाच्या नावावर. किल्ल्या दुकानाकडं. आणि शेवटी, माझं काम आवडलं नाही तर सगळं दुसऱ्या माणसाच्या हवाली कसं करायचं, तेही. हाजींनी ड्रॉवर बाहेर ओढून उलटा करून बघावा तसं कोटेशन उलटंपालटं केलं. वरती जे लाकूड तेच तळाला. शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसला आणि काहीच न आवडल्यासारखं तोंड केलं.

"पंचेचाळीस हजार. हं. आता शेवटचं बोल."

"हेच शेवटचं आहे, हाजीसाहेब."

"मग पहिलं कुठाय?"

"पहिलंही हेच आहे."

"अरे बाळा, तू पंचेचाळीस म्हणतोस म्हणजे तुझ्या मनात तीस आहेत."

"क्षमा करा, माझ्या मनात पंचेचाळीसच आहेत."

उस्ताद मघावरीनं पटाशी खाली ठेवली. असली कुस्ती रोज बघायला मिळत नाही. हाजी आजारपण, मंदी, डॉलरचा भाव, रोमानियाच्या लाकडाचा भाव, सगळं सांगून थकले. मुहाब प्रत्येक दुःखाला मान हलवायचा आणि पंचेचाळीसच म्हणायचा. हाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भाव पाडायचा नसेल तर नका पाडू, पण निदान पाडल्यासारखं तरी करा! भावावर न बोलणारा माणूस म्हणजे समोरच्याला दोन शब्दांच्याही लायकीचा न समजणारा माणूस.

"विचार करून कळवतो," हाजी म्हणाले. म्हणजे नाही.

मुहाब उठला आणि जाता जाता कोपऱ्यापाशी थांबला. तिथं सोनेरी खुर्च्यांच्या गर्दीत एक साधी खुर्ची होती. ना मुलामा, ना सिंह. बुटकी पाठ, एकाच वळणात खाली हातांपर्यंत उतरलेली. रावियानं काढलेली आणि स्वतः घासूनपुसून पुरी केलेली ती पहिली खुर्ची. गेले तीन महिने ती तिथं होती, आणि तीन महिने राविया बापाच्या तोंडाकडं बघत होती. हाजी त्या खुर्चीबद्दल बरं किंवा वाईट, एक अक्षर बोलले नव्हते.

"किती सुंदर आहे ही!" मुहाब म्हणाला. "हिची किंमत काय?"

आणि हाजींच्या तोंडून आपोआप निघालं, "खल्ली!"

खल्ली म्हणजे राहू दे, पैशाचं काय बोलतोस. आमच्याकडं न्हावी म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, कफन शिवणाराही म्हणतो. ते म्हटल्यावर गिऱ्हाइकानं "छे छे, असं कसं" म्हणायचं, दुकानदारानं पुन्हा आग्रह करायचा, पुन्हा नकार, आणि मग कुठं खरा भाव निघायचा, तो तिप्पट. शेंबडं पोरही हे जाणतं.

"खरंच?" मुहाब म्हणाला.

"अल्लाशपथ, घेऊन जा! तू परका आहेस का?" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"हाजीसाहेब, मला शब्द सुचत नाहीत."

"तुझीच आहे ती. माझी आठवण म्हणून ठेव."

मुहाबचे डोळे खरंच भरून आले. त्यानं छातीवर हात ठेवला, वाकून हाजींच्या खांद्याचं चुंबन घेतलं, खुर्ची उचलली आणि बाहेर उभ्या असलेल्या आपल्या चिमुकल्या गाडीत पाय वर करून कोंबली. जाताना हॉर्नही वाजवला.

हाजी आ वासून दारात उभे. मागं उस्ताद मघावरीला चहाचा ठसका लागला होता, तो काही केल्या थांबेना.

"धाव ना त्याच्या मागं!" हाजी ओरडले.

"आणि काय सांगू?" उस्ताद डोळे पुसत म्हणाला. "हाजींनी अल्लाची शपथ घेतली ती चेष्टेत होती?"

तोंडानं दिलेलं दान परत मागायचं? बाजारात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. हाजी मटकन बसले, तेही धूळ न झटकता.

तासाभरानं राविया आली. आली ती थेट कोपऱ्याकडं बघत. रोज तशीच यायची.

"माझी खुर्ची कुठाय?"

"दिली."

"विकली?" तिचा चेहरा असा फुलला की हाजींनी मान फिरवली. "केवढ्याला, बाबा?"

"विकली नाही. दिली. त्या मुहाबला."

"फुकट?"

हाजींनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण खरं सांगायचं म्हणजे कालच्या एका पोरानं मला भर दुकानात उल्लू बनवलं, असं सांगायचं. तोंड उघडलं तसंच मिटलं.

राविया कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेपाशी जाऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आपण लाकडाचा भुसासुद्धा पोत्याच्या भावानं विकतो, बाबा," ती हळूच म्हणाली. "वाकडे खिळे सरळ करून विकतो. या दुकानातून आजवर फुकट गेलेली एकच वस्तू, ती माझी. बरं झालं, ईदच्या आधीच कळलं." आणि ती आपली फर्निचरची चित्रं गुंडाळायला लागली.

"आता तरी बोल, गाढवा," उस्ताद पुटपुटला. पण हाजींना बोलणं सुधरेना. त्यांना फक्त भाव बोलता येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चीजवाल्याचा जिना चढून मुहाबच्या कचेरीत गेले. पोरगा स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, आणि रावियाची खुर्ची खिडकीपाशी उजेडात, दर्गा असावा तशी एकटी. हाजींनी रात्रभर योजना आखली होती. मालाला नावं ठेवायची. गिऱ्हाईक आपोआप परत करतं.

"बाळा, त्या खुर्चीचा मागचा पाय ढिला आहे. दुरुस्तीला नेतो."

"नाही हो, मी काल चौघांना बसवून पाहिलं. भक्कम आहे."

"पॉलिश कच्चं आहे. कपडे खराब होतील."

"वाळलंय की."

"आणि लाकूड... लाकूड तसं हलकंच," हाजी म्हणाले, आणि जिभेला चटका बसल्यासारखे थांबले. तरी रेटलं. "पाठीचं ते वळणसुद्धा काही बरोबर जमलेलं नाही."

मुहाब भला पोरगा. वडीलधाऱ्याचं मन राखावं म्हणून मान तिरकी करून म्हणाला, "हो, आता आपण म्हणता तर... डावीकडं जरासं चुकलंय खरं."

"चुकलंय?" हाजी उसळले. "चुकलंय? डोळे आहेत की बटणं लावलीत? अरे, सबंध बाजारात दाखव मला असं वळण! पाठीपासून हातापर्यंत एक सांधा दिसतो का? हात फिरव! फिरव हात! सांधा आहे, पण तो तुझ्या बापालाही सापडायचा नाही. मी उभा जन्म सिंहाचे पाय कोरून घेतले, कारण पाय भपकेबाज असला की सांधा कुठं जमला नाही ते कुणी बघत नाही. पोरीला सांधा झाकावाच लागला नाही! वाट चुकलेल्या माणसाला बसवलं तर तो उठणार नाही अशी खुर्ची केलीय पोरीनं, आणि म्हणे चुकलंय!"

ते धापा टाकत थांबले. खाली चीजवालाही थांबून ऐकत होता.

"हाजीसाहेब," मुहाब गोंधळून म्हणाला, "मग इतकी मोलाची वस्तू आपण मला दिलीत तरी का?"

आता इलाज नव्हता. हाजी खिडकीकडं बघत खल्लीचा सगळा अर्थ सांगून बसले. एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा भाव. मुहाबचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"म्हणजे न्हावीसुद्धा?"

"न्हावीसुद्धा."

"किल्ली करून देणारा?"

"तोही."

"खालच्या चीजवाल्याकडून मी चार महिने..." पोरानं डोक्याला हात लावला. "तरीच तो हल्ली मला पाहिलं की शटर ओढून घेतो!"

"बाजारात तुला आमच्याहून पक्का दुम्यातकर म्हणतात," हाजी म्हणाले. "त्यात बरंचसं कौतुक आहे म्हणा."

मुहाबनं खुर्ची दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढं ठेवली आणि इतक्या वेळा माफी मागितली की हाजींनाच कसंतरी झालं. आपल्या तोंडातल्या शब्दाला किंमत नव्हती, आणि माफी हा पोरगा मागत होता. त्यांना त्याची ती दोन पानं आठवली.

"वेबसाइट तूच कर," ते म्हणाले. आता तीस, निदान अडतीस, जीभ टाळूपर्यंत गेली होती. पण जो माणूस जे मनात तेच बोलतो, त्याच्या भावातून काढायचं काय? "पंचेचाळीस," हाजींनी डोळे मिटून सांगितलं.

खुर्ची डोक्यावर घेऊन हाजी तोहामी भर बाजारातून चालत आले. हमाल करायचा तर पैसे पडतात, असंच सगळ्यांना वाटलं. दुकानात राविया चित्रांच्या गुंडाळीला दोरी बांधत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा दोरीकडं वळली.

"फुकट गेली होती, फुकट परत आली. तोटा नाही झाला," ती म्हणाली.

हाजींनी खुर्ची खाली ठेवली. बसले नाहीत. बाजूला उभे राहिले, गिऱ्हाइकासारखे.

"राविया, या दुकानात मी रोज तोंड भरून तारीफ करतो. ऐकलीयस ना? ज्या कपाटाला वाळवी, त्याची जास्त. उभ्या आयुष्यात मी तारीफ केली ती फक्त मला घालवायच्या असलेल्या मालाची." त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझ्या खुर्चीबद्दल मी बोललो नाही, ते म्हणून. ती मला घालवायची नव्हती, पोरी. आणि तूही नाही."

उस्ताद मघावरीला अचानक बाहेर काहीतरी काम आठवलं. राविया हातातली दोरी तशीच धरून बसली. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि विचारलं,

"वेबसाइटचं काय केलंत?"

"मुहाबला दिली. पंचेचाळीसला."

"पहिल्याच भावाला?" ती ताडकन उठली. "तुम्ही? बाबा, बरं नाही का वाटत तुम्हाला?"

"तो कमी करत नाही गं. फार अवघड पोरगा आहे."

"तुमच्यासाठी असेल अवघड." तिनं गुंडाळी टेबलावर टाकली, दोरी सुटून चित्रं सगळीकडं पसरली, पण तिनं तिकडं बघितलंही नाही. चप्पल पायात सरकवत ती म्हणाली, "दुकानाचे पंचेचाळीस हजार असे सोडून देतात होय? तुम्ही आराम करा. हा धंदा आता माझ्याकडं द्या." आणि भांडायला निघालेल्या बाईसारखी ओढणी खोचून ती चीजवाल्याच्या जिन्याकडं चालू लागली.

हाजी दारात उभे राहून तिच्याकडं बघत राहिले. ती दिसेनाशी झाल्यावर पसरलेली चित्रं एकेक करून त्यांनी उचलली, आणि भिंतीवर कुठं लावता येतील ते शोधू लागले.